घाटात नेलेलं नेटवर्क कार्ड

खालिदभाई कुठलीही वस्तू घेण्याआधी तिला कशेडी घाट दाखवतो. कुकर असो की भिंतीवरचं घड्याळ, आपल्या जुन्या जीपमध्ये टाकायचं, पोलादपुरातून घाट चढायचा नि परत उतरायचा. शाबूत राहिलं तर पैसे. जावईसुद्धा असाच पारखला. वळणावर ओकला नाही, म्हणून लग्न ठरलं. जन्मभर ट्रक हाकला की माणसाची अक्कल गिअरला अडकते.

माझा शेजारी आहे, म्हणून सांगतो. मी चौथी शिकलेला. गोड लिहिता येत नाही.

माझी बायको गेली तेव्हा सुलूला, आमच्या मुलीला, आखातातल्या दोह्याहून येता आलं नाही. फोनवर ती रडायची, मी नुसता "हं" म्हणायचो. खालिदभाईच्या फारूखनंही दोह्याहूनच पैसे पाठवून बापाला कॉम्प्युटर घेऊन दिलेला. खालिदभाई म्हणाला, "शुक्रवारी सुलू पडद्यावर दिसंल. तूबी तिला दिसशील. दाढी कर."

मी दाढी केली. पडद्यावर तिचं कपाळ आलं नि तिथंच सगळं थिजलं. कॉम्प्युटर महाडला दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, आतलं नेटवर्क कार्ड गेलंय.

"ते काय करतं?" मी विचारलं.

"तारेतून आलेलं कॉम्प्युटरला कळवतं, काका."

"मग ती दिव्यांची पेटी?"

"ती मोडेम. ती फोनच्या तारेतलं कार्डाच्या तारेत देते."

मला काही उमगलं नाही. एवढे मध्यस्थ आमच्या लग्नातही नव्हते.

त्यानं दोन कार्डं काढली, एक स्वस्त, एक महाग. दोन्ही हिरवी. मला तर जुळी वाटली. "महागाची वॉरंटी आहे," तो म्हणाला.

"म्हंजे बिघडणार, हे कंपनीलाबी ठाऊक हाय," खालिदभाई म्हणाला. "दोन्ही बांध. घाटात नेतो."

"चाचा, ते ट्रकला नाही लावायचं!"

"याची पोरगी दिसायची हाय त्यातून. बोलताबोलता कार्डानं मान टाकली तर?"

दोन्ही कार्डं मांडीवर धरून मी कशेडी चढलो, उतरलो. माझी हाडं सैल झाली. दुकानदारानं कार्डं लावून बघितली, तर दोन्ही ठणठणीत! खालिदभाई गोंधळला. घाटानं त्याला असा कधी दगा दिला नव्हता.

"तुझी पोरगी. तूच सांग," म्हणाला.

मी दुकानदाराला विचारलं, "तुझ्या घरी कुठलं हाय?"

"महागातलं."

"मग तेच दे."

परत येताना खालिदभाईनं एकूण एक खड्ड्यात जीप घातली.

शुक्रवारी सुलू अख्खी दिसली. "बाबा, किती वाळलात!"

मी सदऱ्याची वरची गुंडी लावली. मागून खालिदभाई ओरडला, "जेवत नाय गो तुझा बाप! भात रांधतो नि कुत्र्याला घालतो!" मग बिडी ओढायच्या निमित्तानं बाहेर गेला. तेव्हा कुठे मी बोललो. तिची आई शेवटी काय म्हणाली, ते सगळं सांगितलं. कार्डानं एकदाही दगा दिला नाही.

सुलू पडद्यावरून गेल्यावर मी म्हटलं, "बंद कर आता."

"राहू दे."

"कशाला रे? लाइट जळते."

त्यानं शर्टाच्या बाहीनं पडदा पुसला. "फारूखलाबी आज सुट्टी असते."

कॉम्प्युटर आल्यापासून फारूख त्यात एकदाही दिसला नव्हता. मला घरी जायचं होतं, पण गेलो नाही. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.