कोकुक बायराम

हॉब्ससाहेबांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला तेव्हा रावजी मयेकर घाईने पुढे झाला. झाली एकदाची सही! बायकोच्या व्हिसाचा त्याचा अर्ज जानेवारीपासून साहेबांच्या ट्रेमध्ये पडून होता. इकडे आखातात, उम्म अल हस्समच्या वस्तीत, त्याने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. तिकडे गावी, आचऱ्याला, रत्नाबाई ट्रंक भरून बसली होती आणि दर पत्रात एकच विचारत होती, "तुमच्या सायबाच्या हाताला काय झालंय?"

साहेबांच्या हाताला काहीच झालं नव्हतं. सलमाबादच्या या एअरकंडिशनिंग कंपनीत मॅनेजर म्हणून ते इंग्लंडहून आले, तेव्हा विमानतळावरच त्यांना कोणीतरी सांगितलं की आधीच्या मॅनेजरची नोकरी एका सहीपायी गेली. झालं! तीन महिन्यांत त्यांनी एकाही कागदाला पेन लावलं नव्हतं. कागद समोर आला की ते चष्मा काढत, पुसत आणि म्हणत, "याचा जरा अभ्यास करू." ट्रेमधला गठ्ठा वाढत वाढत आता साहेबांच्या भुवयांना टेकला होता.

पण पुढे आलेला कागद व्हिसाचा नव्हता.

"आपल्याकडे चार तुर्की विद्यार्थी ट्रेनिंगला आलेत," साहेब म्हणाले. "मालकांचे पाहुणे आहेत. त्यांच्या सणांत काही कमी पडलं तर मालक मला विचारतील, आणि मी तुला विचारीन. पहिला सण तेवीस एप्रिलला आहे. तू कॅम्प बॉस आहेस. बघ काय ते."

कॅम्प बॉस म्हणजे कामगारांच्या खोल्या, मेस, नळ आणि भांडणं सांभाळणारा माणूस. तुर्कांचे सण रावजीच्या खात्यात कधीच नव्हते. तो कागद तरी धड कुठे होता! तुर्कस्तानात शिकायला येणाऱ्या परदेशी पोरांसाठी तिथल्या कॉलेजने सुट्ट्यांची यादी छापली होती. तीच त्यांनी इकडे पाठवून दिली होती. आता तुर्की पोरं परदेशात, तेव्हा उलटी वापरा म्हणून. अर्धी इंग्रजी, अर्धी तुर्की.

रावजी कागद घेऊन गेला तो थेट ड्रायव्हर हुसेन परकारकडे. हुसेन रत्नागिरीच्या खाडीकाठचा, आणि मुसलमानी सणांत रावजीचा एकमेव सल्लागार.

"हुसेन, बायराम म्हणजे काय रे?"

"ईद. माझा आजा बोटीवर होता, इस्तंबूल बघून आलेला. तिकडे ईदेला बायराम म्हणतात."

"अरे, इथे तर सहा बायराम लिहिलेत. वर्षाला सहा ईदी?"

"तुर्क म्हणजे जुने बादशहा. सहा काय, बारा करतील. तुझं काय जातंय? मोठी ईद असली तर बकरा, छोटी असली तर शेवया. तेवीस तारखेला कोणती आहे ते वाच."

रावजीने एकेक इंग्रजी अक्षर जुळवलं. "को... कुक. कोकुक बायराम."

हुसेनने डोळे मिटले. मग मांडीवर थाप मारली. "कोकरू!"

"काय सांगतोस!"

"अरे, कैची तुर्की, चाकू तुर्की, तोफ तुर्की. सगळे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले. मग कोकरू काय आचऱ्याहून तिकडे गेलं? कोकरू कापायची ईद आहे ही. चांदाचा हिशोब मात्र बसत नाही बघ..." हुसेनने थोडा विचार केला. "त्यांच्याकडे चांद लवकर दिसत असेल. उंचावरचा देश आहे."

कोकरू काही मिळालं नाही. सनद गावच्या एका खजूरबागवाल्याने त्याऐवजी एक काळा बकरा दिला. त्याच्या डोळ्यांतच भांडण होतं. पिकअपमधून येता येता त्याने हुसेनची सीट फाडली. कॅम्पात आल्यावर मेसची बाहेर वाळत घातलेली दोन फडकी खाल्ली.

तेवीस एप्रिलला, शनिवारी सकाळी, रावजीने चारी विद्यार्थ्यांना मेसच्या मागे बोलावलं. बकऱ्याच्या गळ्यात कागदी फुलांची माळ होती. शेजारी हुसेन सुरीला धार लावत होता.

"हॅपी कोकुक बायराम!" रावजी म्हणाला.

चौघांत थोरला मेतिन. वय एकवीस, पण मिशी चाळिशीतल्या हवालदाराची. त्याने बकऱ्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं.

"मिस्टर रावजी, कोकुक नाही. चोजुक! चोजुक म्हणजे बेबी. स्मॉल चिल्ड्रन!"

हुसेनने सुरी चटकन पाठीमागे लपवली.

मग मेतिनने तुटक्या इंग्रजीत सगळं उलगडून सांगितलं. बायराम म्हणजे कुठलाही सण, देवाचा असो वा देशाचा. आजचा देशाचा. या दिवशी त्यांची पार्लमेंट पहिल्यांदा भरली, आणि तो दिवस पोरांना देऊन टाकला. कापाकापी नाही काही. पोरं नाचतात, गातात आणि...

"हा बकरा कशाला?" मागून आवाज आला. हॉब्ससाहेब खिडकीतून पाहून खाली आले होते.

रावजी बकऱ्याला झाकून उभा राहिला. ही भानगड साहेबांना आवडली नाही तर अर्ज ट्रेच्या तळाशी जाणार, आणि तळाशी गेलेलं या ऑफिसात कोणी पुन्हा पाहिलेलं नव्हतं.

"सर, टर्किश चिल्ड्रन्स डे."

"आणि बकरा काय करतो?"

"गेस्ट, सर."

साहेबांनी चष्मा पुसला. "बरं. मुलं काय करतात?"

"मुलं मोठ्या साहेबांच्या खुर्चीत बसतात," मेतिन म्हणाला. "मंत्र्यांच्या, गव्हर्नरच्या. थोडा वेळ. ऑर्डर देतात. सगळे टाळ्या वाजवतात."

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. मालकांना सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि खर्च शून्य. तरी त्यांनी खात्री करून घेतली, "यात मला कुठे सही करावी लागत नाही ना?"

"नो, सर!" चौघे एका सुरात म्हणाले.

पाच मिनिटांत मेतिन मॅनेजरच्या खुर्चीत होता. साहेबांनी स्वतः त्याला बसवलं, टाळ्या वाजवल्या. "एक तास," ते म्हणाले. "आजचे मॅनेजर तुम्ही!"

तेवढ्यात खालून धडाधड पत्र्याचा आवाज आला. सगळे खिडकीशी धावले. बकरा, त्याच्या गळ्यातली अर्धी खाल्लेली माळ आणि साहेबांची महिन्याभरापूर्वी घेतलेली पांढरी गाडी. तो बॉनेटवरून टपावर चढला आणि तिथून कंपाउंडवर नजर टाकू लागला. हुसेन दोरी ओढत होता. जितकी दोरी ओढावी तितके तो टपावर खूर रोवत होता.

"माय कार!" साहेब जिना उतरले कसले, घसरले. बकरा उतरला. टपावर लांबलचक ओरखडे उमटले होते. साहेब त्याच पावली गाडी घेऊन मागच्या गल्लीतल्या रंगाच्या गॅरेजकडे गेले. गॅरेजवाला म्हणाला, पाच मिनिटं. आखातातली पाच मिनिटं ती, दुपार झाली तरी संपली नाहीत.

इकडे मेतिन खुर्चीत गोल फिरून कंटाळला. "मिस्टर रावजी, मॅनेजर काम काय करतो?"

"सही," रावजी म्हणाला. मग प्रामाणिकपणे जोडलं, "करायला पाहिजे."

मेतिनने ट्रेकडे पाहिलं. "ह्यांच्यावर?"

नको म्हणायचं रावजीच्या जिभेवर आलं होतं. पण गठ्ठ्यातून एक पिवळट कोपरा बाहेर डोकावत होता, आणि आपल्या अर्जाचा कोपरा तो झोपेतही ओळखत असे.

"मेतिन, हे खरे कागद आहेत हां," तो हळूच म्हणाला.

"आज मॅनेजर पण खरा!" मेतिनने छाती फुगवली आणि पेनाचं टोपण काढलं.

"मी जरा बकऱ्याला पाणी दाखवून येतो," असं म्हणून रावजी बाहेर पडला. बकऱ्याने आधीच बादलीभर पाणी पिऊन बादली उलथवली होती. तरी रावजीने त्याला अर्धा तास पाणी दाखवलं.

तो परत आला तेव्हा ट्रे रिकामा होता आणि सगळा गठ्ठा दाराबाहेरच्या टपालाच्या टोपलीत होता. एकेका कागदावर झोकदार सही: आधी भलामोठा गोल, मग तीन लाटा आणि शेवटी वर उडालेली शेपटी. बाराच्या ठोक्याला हुसेन रोजच्यासारखा आला आणि त्या टोपलीतलं सगळं टपाल उचलून मनामाच्या हेड ऑफिसला घेऊन गेला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. रावजीने तोंड उघडलं होतं खरं, पण त्यातून फक्त "यल्ला, नीघ, सावकाश चालव" एवढंच आलं.

चार वाजता हॉब्ससाहेब आले. गठ्ठ्याच्या जागी रिकामा ट्रे पाहून ते आधी खूश झाले. मग त्यांना समजलं. त्यानंतर जे इंग्रजी निघालं, ते रावजीला कळलं नाही आणि मेतिनने कळूनही भाषांतर केलं नाही.

"उद्या सकाळी हेड ऑफिसला जाऊन सगळं सांगतो!" साहेब ओरडले. "तुम्ही सगळे खलास! आणि मीसुद्धा!"

त्या रात्री रावजीने रत्नाबाईला पत्र लिहायला घेतलं. 'ट्रंक रिकामी कर' एवढं लिहून तो थांबला, कागद फाडला आणि आडवा झाला.

सकाळी साहेब निघणार, तोच हेड ऑफिसचा फोन आला. खुद्द मालक. साहेब उभे राहिले. रावजी दाराशीच उभा होता.

"येस, सर... तीन महिन्यांचं काम, सर... एका दिवसात, होय सर." साहेबांच्या कपाळावरचा घाम वाळत गेला. "नाही, सर, त्यात कौतुक कसलं..." मग चेहरा पुन्हा पांढरा पडला. "सहीचा नमुना? कार्डावर लावला? सगळीकडे पाठवलासुद्धा? थँक यू, सर."

त्यांनी रिसीव्हर अलगद ठेवला. हॉब्ससाहेबांची सही हेड ऑफिसने आजवर पाहिलीच नव्हती. पहिल्यांदा पाहिली ती कालची, आणि आता तीच त्यांची खरी सही ठरली होती.

"रावजी, मेतिनला बोलाव. आणि दार लाव."

रावजीचा अर्ज तीन आठवड्यांत मंजूर होऊन आला. रत्नाबाई आली, आणि उम्म अल हस्समच्या खोल्यांत पडदे लागले. बकरा हुसेनने सलमाबादेतून हलवला; खरी बकरीद येईपर्यंत त्याने सनदच्या बागवाल्याची अर्धी भाजी फस्त केली, असं कळलं. हॉब्ससाहेब मात्र रोज सकाळी दार बंद करून बसत. आतून मेतिनचा आवाज येई, "नाही सर, लाटा तीन. दोन नाही. शेपूट वर, सर, वर!" साहेबांचा गोल काही केल्या गोल होत नसे.

ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या परतीची तिकिटं आली. तिघांनी सामान बांधलं. साहेबांनी रावजीकडून मालकांच्या नावे एक पत्र टाइप करून घेतलं: 'मेतिन अत्यंत मंद विद्यार्थी असून त्याचं ट्रेनिंग अजून पुरं झालेलं नाही. त्याला आणखी एक वर्ष इथेच ठेवावं.'

रावजीने पत्र साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी पेन उचललं, कोऱ्या कागदावर दोन गोल काढून पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"मेतिनला पाठव," ते म्हणाले, "सहीला."