दीड शेराचा चाप

कासार आंबोलीचे बापूराव माणसाची पारख रिव्हॉल्व्हरवरून करत. तलाठी म्हणजे "इंग्रजी. जड, पण भरवशाचा." शाळामास्तर "फ्रेंच. दिसाय झ्याक, पर नाजूक." मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "शेट, तुमी बेल्जमचे."

त्यांच्याकडे वडिलांनी आणलेली दोन रिव्हॉल्व्हरं होती. एक बर्मिंगहॅमचं, काळं, साधं. दुसरं बेल्जमचं, म्हणजे बेल्जियमचं: हस्तिदंती मूठ, नळीवर सोन्याची वेलबुट्टी. मला हवं होतं ते हेच. कोळशाच्या धंद्यात मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो होतो. हत्याराचा परवाना खिशात होता.

तीन वर्षं घासाघीस केली. मी भाव विचारला की बापूराव सुरू करत, "ते भिकार हाय. इंग्रज कारागीर आदी नळी बघतो, बेल्जमवाला नक्षी." अहो, मालाला नावं ठेवणं हे गिऱ्हाइकाचं काम! इथं मालकच नावं ठेवायचा, आणि वर द्यायचाही नाही. ते मला अजून डाचतं.

शेवटच्या खेपेला मी तापूनच गेलो. धाकट्या भावानं माझ्या शेताचा बांध कोरला होता.

"आज घेऊनच जाणार," मी म्हणालो. "नुसतं दाखवलं तरी हटेल तो."

बापूराव उठले. त्यांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं रिकामी करून खुंट्यांना उभी बांधली, घोडे ओढले आणि चापाला दोरीनं तराजूची वजनं टांगू लागले. पाच शेर झाले तेव्हा इंग्रजाचा घोडा पडला. बेल्जमचा दीड शेरातच. खट्!

"तुमच्या रागाचा चाप किती शेराचा, शेट?"

"माझ्या रागाचं तुम्हाला काय? भाव बोला!"

त्यांनी वर बोट केलं. तुळईत एक भोक होतं. आल्यागेल्याला ते 'बेल्जमच्या नेमाची परीक्षा' म्हणून दाखवत.

"परीक्षा न्हाई ती. बांधावरनंच भांडान. माज्या धाकट्या भावावर धरलं व्हतं. नुसतं दाखवाय. गोळी तुळईत गेली, अन् तो दारातनं. पुन्ना आला न्हाई."

मी म्हणालो, "मग हे घरात ठेवता कशाला? विकून टाका."

"विकू कसं? बानं इंग्रजी मला दिलं, हे त्याला. त्या दिवशी हाताला त्याचंच लागलं."

मी भाव न बोलता उठलो. बापूराव धोतराच्या सोग्यानं हस्तिदंती मूठ पुसत होते.

"आला म्हंजी आदी हेच बघंल," ते म्हणाले. "म्हनंल, दादानं गंज चढू दिला."