मुहसिन आजोबांचं घड्याळ

घड्याळाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! कादिकोयच्या बाजारात सव्वीस वर्षं मी भिंतीवरची घड्याळं विकली आहेत. त्यामुळे माझ्या भाच्याच्या, तुनजायच्या साखरपुड्यात नवरीच्या आजोबांनी, मुहसिन बेंनी, त्याच्या हातात एक जुनं खिशातलं घड्याळ ठेवलं, तेव्हा सगळ्यांआधी मीच हात पुढे केला.

"आण इकडे! मामा असताना काय काळजी?"

बहीण कुजबुजली, "दादा, राहू दे ना!"

राहू देतो कसला! घड्याळाची डबी उघडली, आत दुसरी. दुसरीत तिसरी, तिसरीत चौथी! कांदा सोलावा तसा मी सोलत गेलो. शेवटी एक गोल, पिवळट चिंधी निघाली. माझी बोटं बकलाव्याच्या पाकानं चिकट झालेली. पुसली चिंधीला, टाकली बशीत!

मग चष्मा लावला. आतल्या यंत्रावर कोरलेलं 'लंडन'. तबकडीवर मात्र आपले जुने तुर्की आकडे!

मी खो खो हसलो. "अहो, इंग्रज कधीपासून आपले आकडे गिरवायला लागले? मुहसिन बे, तुम्हाला कुणीतरी चांगलंच बनवलंय! नकली माल!"

नवरीचा बाप ताडकन उठला. "म्हणजे नकली घड्याळ देऊन आम्ही मुलगी खपवतोय?"

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

"बस रे, केनान," मुहसिन बे शांतपणे म्हणाले. "इंग्रज कारागीर पूर्वी खास आपल्या लोकांसाठी अशी घड्याळं करत. आकडे आपले, डब्या तीन-चार. माझ्या पणजोबांनी हौसेनं घेतलं होतं." मग त्यांनी डब्या चाचपल्या. "आतलं कापड कुठंय?"

"कसलं कापड?"

"माझ्या बायकोनं भरलेलं. ती गेली त्याच वर्षी."

सगळ्यांचे डोळे बशीकडे! पाकात लडबडलेल्या त्या कापडावर निळ्या धाग्याचं इवलंसं फूल होतं. नवरी रडायला लागली. तुनजाय माझ्याकडे बघेना. नवरा-नवरीच्या अंगठ्यांना बांधलेली लाल फीत वडीलधाऱ्यानं कापायची असते, तो मान माझा होता. कात्री गुपचूप बहिणीच्या दिरांकडे गेली.

साखरपुडा मोडला नाही, एवढं नशीब! कापड मी हट्टानं घरी नेलं आणि स्वतःच्या हातानं तीनदा धुतलं. पाक निघाला. निळा रंगही निघाला!

चौथ्या दिवशी तोंड पाडून मुहसिन बेंकडे गेलो. त्यांनी कापड खिडकीशी धरलं. फूल गेलं होतं तिथल्या टाक्यांवरून बराच वेळ अंगठा फिरवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"चुकलो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माफ केलं, रुश्तू बे. अगदी मनापासून."

माझे डोळे भरून आले.

"फक्त," ते म्हणाले, "लग्नाला येऊ नका."

गेलो नाही हो! आहेर पाठवला, तोही बहिणीला दोनदा दाखवून.