काळजी का घोर?

आमच्या कंपनीच्या दवाखान्यात तुम्ही डोकं धरून गेलात, तर गायकवाड सिस्टर डोकं कुठे दुखतंय हे विचारत नाहीत. चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "काळजी का घोर?" गोळी मिळणार की नाही, हे तुमच्या उत्तरावर ठरत नाही. उत्तर देताना तुमचा चेहरा कसा होतो, त्यावर ठरतं.

मी चाकणच्या या कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर. पत्रे दाबून मोटारींचे भाग करायचे, हे आमचं काम. माझ्या हाताखाली चौदा माणसं. त्यातलं कोण आज कामावर आणि कोण विश्रांतीला, हे मी ठरवतो अशी माझी समजूत होती. ठरवायच्या सिस्टर.

त्यात ही बाई कंपनीच्या माझ्याच बसमध्ये. त्या देहूरोडला चढतात, मी निगडीला. तोवर त्यांची प्रार्थना उरकलेली असते आणि शेजारची जागा पिशवी ठेवून माझ्यासाठी धरलेली असते. मला त्या जागेचा मोह कधीच नव्हता.

"जाधवसाहेब, काळजी देवबापानं दिलीय," त्या सुरू करायच्या. मूळच्या नगरकडच्या, त्यामुळे आवाज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जायचा. "ती मागनं ढकलती, मग माणूस कामाला लागतो. घोर लागला की माणूस बसतो. प्रभूला नव्हता का ताण? क्रुसावर जायच्या आधी बागेत घामानं भिजला. पण बापाला सांगितलं, सोबत्यांना सांगितलं, आन उठून चालायला लागला. सांगता येतंय, उठता येतंय, तवर काळजी. लपवायला लागलात की घोर."

"सिस्टर, मी हिंदू आहे."

"मग खंडोबाला सांगा. पण मोठ्यानं सांगा, मनातल्या मनात नको."

सकाळी सव्वासहाला हे ऐकायला माणूस संतच हवा. मी खिडकीबाहेर बघायचो. त्या माझा ताण कोणता, याचा अंदाज घेत बसायच्या.

कैलास नावाचा आमचा ऑपरेटर पोट धरून गेला. मुलीचं लग्न आठ दिवसांवर, त्याला वाटलं निदान अर्धा दिवस सुटेल. चार मिनिटांत परत. "पोरीचं लग्न ही काळजी. हात चालव, जा," म्हणून हाकलला. गोळीसुद्धा दिली नाही. त्या दिवशी मला सिस्टर जरा बऱ्या वाटल्या होत्या, हे कबूल करतो.

मग एचआरने तणावमुक्तीचं शिबिर ठेवलं. पुण्याहून आलेल्या तरुण मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटून ताण सोडून द्यायला सांगितलं. सिस्टर उभ्या राहिल्या. "सगळा सोडला तर उद्या कामावर कोण येणार? कुठला सोडायचा ते सांगा की." मॅडमनी पाणी मागवलं. मागच्या रांगेत माझी माणसं हसत होती आणि एचआरचे साहेब माझ्याकडे बघत होते, जणू सिस्टर माझ्याच घरातल्या.

हेही मी सोसलं. पण ऑडिटच्या दिवशी कडेलोट झाला. कस्टमरची माणसं शॉपमध्ये फिरत होती, डिस्पॅचची गाडी दारात उभी. आमचा शिंदे, परभणीचा, हसतमुख माणूस, बोटाला खरचटलं म्हणून पट्टी लावायला गेला तो आलाच नाही. मी धावत दवाखान्यात गेलो. शिंदे बूट काढून खाटेवर आडवा, आणि सिस्टर दाराशी स्टूल टाकून बसलेल्या.

"बोटाला पट्टी लावायला आलाय ना तो?"

"हळू बोला. घोर आहे."

"कशावरून?"

"कसा आहेस विचारलं, तर तीनदा म्हणाला मजेत. मजेतला माणूस एकदाच म्हणतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन तास प्रेस बंद, ऑडिटवाल्यांनी ते लिहून घेतलं. संध्याकाळी मी एचआरला मेल लिहिला. दवाखान्यामुळे उत्पादनाचं नुकसान होतं, पर्यायी व्यवस्था करावी. एचआर अशाच मेलची वाट बघत होतं. दवाखाना एजन्सीला द्यायचा, सिस्टरांना मोकळं करायचं, सोमवारच्या मीटिंगमध्ये शिक्कामोर्तब, असं मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बसमध्ये जागा मात्र रोज धरलेली असायची.

शुक्रवारी शिंदेच माझ्यापाशी आला. आज हसत नव्हता. "साहेब, सिस्टरला काढणार म्हणत्यात. त्या दिवशी मी चार दिवस झोपलेलो नव्हतो. बायको लेकरं घेऊन परभणीला गेलीय, परत येत न्हाई म्हणती. कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या दिवशी उठल्यावर सिस्टरला सांगितलं. प्रेसमध्ये हात घालताना डोळा लागत होता राव. बोटाला खरचटलं ते तसंच."

आमच्या प्रेसमध्ये हात गेला तर पट्टी लावायला बोट उरत नाही. हे मला माहीत, शिंदेला माहीत. मी मात्र त्या दिवशी फक्त घड्याळ बघत होतो. लाज वाटली.

सोमवारी मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. शिंदेचं नाव घेतलं नाही. दुसरा ऑपरेटर लावायला हवा होता, चूक माझी, मेल मागे घेतो, दवाखान्यातून सिस्टरांना हलवू नये, एवढंच बोललो. साहेबांनी माझ्याकडे मी आजारी असल्यासारखं पाहिलं. पण सिस्टर राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगायला दवाखान्यात गेलो. मेल माझाच होता, हेही सांगितलं.

"माहितीय," त्या म्हणाल्या. "एचआरनं दाखवला. खरं तेच लिहिलं होतं तुम्ही. दोन तास गेलेच की."

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी पिशवीतून डबा काढला, पण उघडला नाही. "आमचे मिस्टर भोसरीला एका वर्कशॉपात फिटर होते. वर्कशॉप बंद पडलं. मला सांगितलं न्हाई. अकरा महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी रिकामा आणायचे. देहूरोड स्टेशनच्या बाकावर बसून खायचे. मी विचारायची, बरंय ना? म्हणायचे, मजेत. मी तवा हॉस्पिटलात होते. दिवसभर लोकांचं बीपी बघायची."

पहिल्यांदाच त्यांचं बोलणं संपू नये असं वाटलं.

"एक दिवस बाकावरच गेले. पोलिसांनी ह्याच डब्यावरचं नाव वाचून घर शोधलं."

त्यांनी डबा उघडला. सहा चपात्या, मेथीची भाजी, एका बाईच्या मानाने फार. "अजून हात दोघांचाच डबा भरतो," त्या म्हणाल्या. "जेवलात का?"

जेवलो म्हणणार होतो. तोंडून निघालं, "नाही. आणि मेल लिहिल्यापासून नीट झोपलोही नाही."

"बसा."

झाकण ताटासारखं माझ्यापुढे सरकवून त्यांनी तीन चपात्या आणि भाजी वाढली. मग डोळे मिटून प्रभूचे आभार मानले. त्यात शिंदेच्या बायकोचं नाव आलं, कैलासच्या मुलीचं आलं, माझंही आलं. नेहमीसारखंच मोठ्याने. मी मान खाली घालून ऐकलं आणि सगळं जेवलो.

चपात्या संपल्यावर झाकण पालथं घातलं, तेव्हा त्यावर कोरलेलं नाव दिसलं. सौ. रेबेका गायकवाड. त्यातलं 'सौ.' कुणी खोडलेलं नव्हतं.