लाल झाकणाचा मंगळवार

ज्या माणसाच्या मनात आठवड्याला एक तरी विचार येतो, त्याने तो स्वतःपाशीच ठेवणं हा समाजावर अन्याय आहे. म्हणून निवृत्त झाल्यापासून मी दर शुक्रवारी माझे विचार ईमेलने लोकांना पाठवतो. विषयांचं बंधन नाही. रोजचं जगणं, प्रवास (बाली, दोनदा), तब्येत, मनःशांती आणि चालू घडामोडी. आमच्या पेलिकन हेड गावात घडामोडी सहसा बंदच असतात, त्यामुळे मनःशांतीवर जास्त भर द्यावा लागतो. वाचकवर्ग मोठा आहे. त्यातले एक तृतीयांश नातेवाईक, एक तृतीयांश यादीतून नाव कसं काढायचं हे न कळलेले, आणि उरलेले माझेच जुने पत्ते. माझी बायको ग्लेनिस पहिल्या गटात मोडते, पण वाचते तिसऱ्या गटाइतकंच.

आता कचऱ्याकडे वळतो.

पालिकेच्या नियमानुसार आमच्याकडे एका आठवड्यात लाल झाकणाचा डबा (सडणारं सगळं) रस्त्यावर न्यायचा, आणि पुढच्या आठवड्यात पिवळ्या झाकणाचा (बाटल्या, खोकी, आणि ज्याचं काय करायचं ते सुचत नाही ते). कुठला आठवडा कुठला, याचं सुबक वेळापत्रक पालिका घरोघरी वाटते. आम्ही ते फ्रिजवर लावतो आणि मग खिडकीतून नेव्हिलने कुठला डबा काढलाय ते बघतो. नेव्हिल टॉल्हर्स्ट आमच्या समोर राहतो. मंगळवारी संध्याकाळी त्याचा डबा बाहेर आला, की तासाभरात गल्लीच्या दोन्ही बाजूंना त्याच रंगाची रांग लागते. नेव्हिलच्या शब्दाला कुणी कधी फारशी किंमत दिली नाही, पण त्याच्या डब्याला मात्र मान होता.

जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी नेव्हिलने पिवळा डबा काढला. पाळी लालची होती. नाताळात खाल्लेल्या कोळंबीची टरफलं आम्ही सगळे फ्रीजरमध्ये जपून ठेवतो आणि डब्याच्या दिवशी दुपारी लाल डब्यात टाकतो, म्हणजे वास सुटत नाही. तशी ती सगळ्यांनी टाकलीही होती. पण स्वतःच्या आठवणीपेक्षा नेव्हिलवर विश्वास ठेवण्याची आमची शिस्त. आम्ही पिवळे डबे काढले. टरफलं परत फ्रीजरमध्ये ठेवायची परवानगी कुणालाही घरातून मिळाली नाही. बुधवारी लाल डब्यांची गाडी आली, रिकाम्या हातांनी गेली. गुरुवारी पारा चाळिशीवर गेला (आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा).

त्या दिवशी गल्लीचं जनमत असं होतं: निम्मे लोक चिडलेले, निम्मे फारच चिडलेले, आणि नऊ नंबरवाले बालीला. मनःशांतीचा जाणकार म्हणून नेव्हिलला समज देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. तो कुंपणापाशी गुलाबांना पाणी घालत होता. गुलाब उनाचे. उना त्याची बायको, ऑक्टोबरात वारली.

"काय नेव्हिल, कसं काय?"

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे ("मस्त, तू?") आणि विचारणाऱ्याने त्यासाठी थांबायचं नसतं. मी मूळ मुद्द्याकडे वळलोही होतो.

"बरं नाही रे, डेस," नेव्हिल म्हणाला. "डबा कुठला ते उना सांगायची. मी आपला ढकलत न्यायचो. आता सकाळी उठायचं कशाला, तेच कळत नाही बघ."

या उत्तरासाठी कोणतीही कार्यपद्धती उपलब्ध नव्हती. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली, "यंदा उन्हाळा कडक आहे" असं अधिकृत निवेदन केलं आणि घरी आलो. खरं सांगतो, माझा घसा दाटून आला होता. माझा घसा दाटला की मी लिहायला बसतो.

"काय म्हणाला?" ग्लेनिसने विचारलं. ती बॅग भरत होती, मंगळवारपर्यंत मुलीकडे निघाली होती.

"बरं नाही म्हणाला."

"मग तू इथे काय करतोयस?"

"लिहितोय. उद्या शुक्रवार आहे, ग्लेन."

"अरे शहाण्या, त्याच्याकडे जाऊन बस! चहा कर, टोस्ट कर. बोलू नकोस फक्त. रोज जायचंस, कळलं?"

मला कळलं. म्हणूनच तो लेख इतका छान उतरला. शीर्षक 'ऐकण्याची कला'. संबंधिताची ओळख लपवण्यासाठी नेव्हिलचा नॉर्मन केला (डबा तोच ठेवला). आजवर माझ्या कुठल्याच लेखाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता. पर्थची एक बाई रडली. खुद्द नेव्हिलने अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यावरून तो सावरला आहे असा निष्कर्ष मी काढला आणि जाण्याचं प्रयोजन उरलं नाही.

पुढच्या मंगळवारी नेव्हिलच्या दारात डबाच आला नाही. गल्ली गोंधळली. पडद्याआडून आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो, आणि या आठवड्यात गाडी येणार नसावी अशा निर्णयाला आपापल्या घरी पोहोचलो. संध्याकाळी ग्लेनिस परतली. तिने रिकामा रस्ता पाहिला, बॅग तिथेच टाकली आणि नेव्हिलच्या मागच्या दाराने आत गेली.

तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला होता. एका पायात बूट, एका पायात नाही. कित्येक दिवसांत धड जेवला नव्हता. त्या उकाड्यात आणखी एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. आता तो इस्पितळात आहे, सूप पितो, जेलीला शिव्या घालतो. शुद्धीवर आल्यावर तो ग्लेनिसला तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं माहिती म्हणून म्हणाला, "डेसला सांगितलं होतं मी."

हे खरं आहे. त्याने फक्त मला सांगितलं होतं. मी ते सगळ्यांना सांगितलं. मला लाज वाटते (हे वाक्य ग्लेनिसने वाचून मंजूर केलं आहे). हल्ली दुपारी मी त्याच्या खाटेशी जाऊन बसतो. दोघांनाही कंटाळा येतो, आणि ग्लेनिसच्या मते काम बरोबर चाललं आहे.

इथवर वाचून तुमचाही घसा दाटला असेल, तर आभारी आहे. आता तुम्हाला कुणाची तरी आठवण येईल, ज्याला फोन करायचा बरेच दिवस राहून गेलाय. फोन काही तुम्ही करणार नाही. तुम्ही त्याला हा लेख पाठवाल. तो अंगठ्याचं चित्र पाठवेल, आणि तुम्हाला अगदी बरं वाटेल.