नको ते खोडावे

गेले तीन आठवडे चष्मेवाल्यांच्या घरात एकच वाक्य या खोलीतून त्या खोलीत फिरत होतं. 'माझी काही हरकत नाही.' त्यांच्या एकुलत्या एका लेकीला मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला ते तिला बदलीवर घ्यायला तयार होते. विद्यापीठाचं नाव असं, की ऐकणारा सरसावून बसे. फी इथल्या तिप्पट, आणि अंतर रेल्वेने चौदा तास. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता.

"तुला जायचंय का?" चष्मेवाले विचारत.

"तुम्हाला काय वाटतं?" लेक विचारी.

"माझी काही हरकत नाही. आईला विचार."

"मी कशाला हरकत घेऊ?" आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणे. "तुमचं दोघांचं ठरलं की मला सांगा."

ठरत मात्र काहीच नव्हतं. बाबा दुकानासाठी काचा घासायचं नवं मशीन घेणार होते आणि पत्र आल्यापासून त्या मशीनचं नावही काढत नव्हते, हे लेकीच्या लक्षात आलं होतं. ती गप्प होती. ती गप्प का आहे हे चष्मेवाल्यांना कळत नव्हतं. खरं तर रोज संध्याकाळी ती दुकानात येऊन फ्रेमा पुसत बसे, तेवढा तास त्यांना दिवसभरात सगळ्यात आवडे. पण हे काही बदलीला नाही म्हणण्याचं कारण नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

बुधवारी 'निदान कागद तरी तयार ठेवू' म्हणून ते लेकीच्या इथल्या विद्यापीठाच्या कचेरीत गेले. हेडक्लार्क बाईंनी ना हरकत दाखल्यासाठीचा फॉर्म पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती. 'माझ्या पाल्याच्या बदलीस माझी हरकत आहे / नाही. नको ते खोडावे.'

चष्मेवाल्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. अर्ध्या गावाला चष्मे लावणारा माणूस स्वतःचा चष्मा दुकानात विसरून आला होता. हे बाईंना सांगायची सोय नव्हती, कारण बाईंच्या नाकावरचा चष्मा त्यांच्याच दुकानातला होता. त्यांनी फॉर्म हातभर लांब धरला, तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना जे दोन डाग दिसले त्यातला एक ठामपणे खोडला आणि सही ठोकली. बाईंनी न वाचता शिक्का मारला. कागद वर गेला.

गुरुवारी संध्याकाळी लेकीचे विभागप्रमुख स्वतः दुकानात अवतरले. "आलोच आहे तर नंबरही बघा," म्हणत ते तपासणीच्या खुर्चीत बसले. लेक मागे फ्रेमा पुसत होती.

"हे बरं दिसतं की हे?" चष्मेवाल्यांनी काच बदलत विचारलं.

"दोन्ही सारखंच."

"आणि आता?"

"सारखंच. पण मी आलोय तुमचे आभार मानायला. सगळे आईबाप पोरांना मोठ्या नावामागे पळवतात. लेखी हरकत घेणारे तुम्ही पहिलेच. आज बैठकीत तुमचं निवेदन वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात पालकसभेत तुम्हीच बोलायचं."

मागचं पुसणं थांबलं.

"सर, काहीतरी घोटाळा आहे," चष्मेवाले म्हणाले. "मी 'आहे' खोडलं होतं."

"छे, 'नाही' खोडलंय. 'आहे' आहे."

"'आहे' नाही?"

"'आहे' आहे. 'नाही' नाही."

"बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज एरवी बाजूच्या दुकानातही जात नसे, आज रस्त्यापलीकडे गेला. "तीन आठवडे मला हरकत नाही म्हणालात आणि तिकडे हे लिहून दिलंत? मला जायचंय. पत्र आलं त्या दिवसापासून जायचंय. तिथे पावसाच्या अंदाजावर काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचं सगळं मी दोनदोनदा वाचलंय. तुमच्या मशीनपायी बोलत नव्हते."

एवढं बोलून तीच दचकली.

"हे मात्र साफ चुकलंय हो," खुर्चीतून विभागप्रमुख म्हणाले. "मला काहीच दिसत नाहीये." गडबडीत चष्मेवाल्यांच्या हातून भलतीच काच लागली होती.

शुक्रवारी सकाळी बापलेक कचेरीत हजर झाले. हेडक्लार्क बाईंनी जुना फॉर्म समोर ठेवला. "यावर खाडाखोड चालणार नाही."

"अहो, 'खोडावे' असं तुम्हीच छापलंय."

"ते एकदाच. दुसऱ्यांदा खोडलं की खाडाखोड." शेवटी विभागप्रमुखांनी पडलेल्या चेहऱ्याने मंजुरी दिली आणि कोरा फॉर्म मिळाला.

"बाबा, परवा चष्मा विसरलो म्हणालात, ते खरंच?" लेकीने हळूच विचारलं.

"गिऱ्हाईक 'दोन्ही सारखंच' म्हणत बसलं, तर आपण काय करतो?"

"मुद्दाम चुकीची काच लावतो. मग ते लगेच बोलतं." ती त्यांच्याकडे बघतच राहिली. चष्मेवाल्यांनी हे श्रेय बिनबोभाट खिशात घातलं आणि तिथूनच चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

आता अक्षरं स्वच्छ दिसत होती. 'हरकत आहे / नाही.' पेन 'आहे'वर टेकलं आणि तिथेच राहिलं. रोजचा तो एक तास, फडक्याची ती चुळबुळ, ती गेल्यावर रिकामं राहणारं तिचं स्टूल. मग त्यांनी 'आहे'वरून सावकाश, पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ मारली.

बाईंनी या खेपेला फॉर्म दोनदा वाचला. "बघा हं, नंतर पुन्हा यायचं नाही. नक्की हरकत नाही ना?"

"आहे," चष्मेवाले म्हणाले. "पण खोडलीय."