न पाहिलेल्या नाटकांचे जाणकार

नाटक न पाहता नाटकावर बोलण्याचा हक्क आमच्या जुन्नरात एकट्या उस्मानभाई मणियारांना होता, आणि तो त्यांनी स्वतःच स्वतःला दिला होता. दर हिवाळ्यात शाळेच्या पटांगणावर हौशी मंडळ्यांच्या नाट्यस्पर्धा होत. आठवडाभर रात्री नाटके चालत आणि रविवारी दुपारी बक्षीस समारंभ होई, कारण प्रमुख पाहुण्यांना संध्याकाळची पुण्याची एस. टी. गाठायची असे. आठवडाभर उस्मानभाई पटांगणाकडे फिरकत नसत. रविवारी मात्र सतरंज्या अंथरल्या जाण्याआधी ते हजर. धुतलेला पायजमा, काळी टोपी, डोळ्यांत सुरमा आणि काखेत घरून आणलेली घोंगडी. ती ते अगदी पुढे, परीक्षकांच्या खुर्च्यांना टेकून अंथरीत.

"नाटक काय, तालमीत पाठ केल्यालं आसतं," ते म्हणत. "खरं नाटक आज. आज कुणालाच काय पाठ न्हाई."

समारंभ सुरू झाला की उस्मानभाईही सुरू होत. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडताच ते मागे वळून सांगत, "ही शाल म्या वळखतो. निरगुडसरच्या जत्रंत व्हती, पिंपळवंडीत व्हती, आता हितं आली. शालीला प्रवासभत्ता द्या कुणीतरी." पाहुणे नाटकाचा विषय सोडून विहिरी, कोंबड्या आणि नव्या बंधाऱ्यावर बोलू लागले, की ते मोठ्याने विचारीत, "पावणं बक्षीस द्यायला आलंय का मतं मागाया?" फिरत्या ढालीवर त्यांचा विशेष राग होता. "ह्ये कसलं बक्षीस? एक साल लेक नांदवायची आन परत म्हायेरी धाडायची!" एकदा गळ्यात हार पडताच एका विजेत्या नटाला रडू कोसळले. उस्मानभाई शांतपणे म्हणाले, "आता रडतोय. बायकू मेली तवा रडला न्हाई म्हणं." बायको अर्थातच तिसऱ्या अंकात मेली होती, आणि तो अंक उस्मानभाईंनी पाहिलेला नव्हता.

नाव पुकारले गेले, की टाळ्या वाजण्याआधी त्यांचा एक शब्द पटांगणभर ऐकू जाई.

"ठरलंय!"

हा शब्द मी सहा वर्षे माझ्या मानेवर झेलला. मी शाळामास्तर, मराठी शिकवतो, म्हणून मला नाटकातले कळत असावे, अशा समजुतीने समितीने मला परीक्षक केले होते. उस्मानभाईंची घोंगडी नेमकी माझ्या खुर्चीमागे असे. मी नाव लिहिलेला कागद अध्यक्षांच्या हाती दिला की मागून आवाज येई, "ठरलंय! मास्तर, शाई तरी वाळली व्हती का न्हाई?" ज्यांच्या पैशावर मंडप उभा राही, त्या व्यापाऱ्यांचे नातलग नाटकांत असत. ते कधीकधी चांगलेही काम करीत. पण ते खरोखर चांगले होते, की मंडपाच्या सावलीत बसल्यामुळे मला तसे वाटले, याचा निवाडा मला माझ्यापाशीसुद्धा करता येत नसे. टीका करणारा माणूस निदान खोटा तरी असावा, एवढी सोय मला हवी होती. ती उस्मानभाईंनी मला मिळू दिली नाही.

एकदा चिडून मी म्हणालो, "उस्मानभाई, तुम्ही एकही नाटक पाहत नाही. मग निकाल चुकला हे तुम्हाला कसे कळते?"

"परीक्षकानं तरी कुठं पाह्यलं? त्या मधल्या खुर्चीवरच्या सायबाचं घोरणं माज्या वट्यापतूर येत व्हतं."

हेही खरे होते. त्यांचे घर पटांगणाच्या मागच्या भिंतीला लागून होते. नाटकाच्या रात्री ते ओट्यावर, रंगमंचाकडे पाठ करून, बांगड्या रंगांप्रमाणे निवडीत बसत. दोन्ही कानांत अत्तराचे फाये असत. साधे नव्हेत, लिंबाएवढाले. येणारेजाणारे चेष्टा करीत, "भाई, नवरदेव झाला काय?" ते ऐकूच येत नसल्यासारखे हसत. खरोखरच ऐकू येत नसावे; ते घोरणे तेवढे आत कसे पोचले, कोण जाणे.

धंदा बांगड्या भरण्याचा असल्यामुळे त्यांच्या मतांना श्रोत्यांची वाण नव्हती. बाईचा हात हातात घ्यायचा, बांगडी बोटांच्या सांध्यांपर्यंत आणायची, आणि तिथे थांबवून बक्षिसांचा विषय काढायचा, ही त्यांची रीत. बांगडी ना पुढे जाते ना मागे. बाईला ऐकण्यावाचून गत्यंतर नसे. माझी पत्नी एकदा कळवळून म्हणाली, "अहो उस्मानभाई, हात सुजला माझा. निकाल मागून सांगा!"

"वहिनी, तुमी मास्तरांना सांगाल म्हून तर सांगतोय. त्ये 'उत्तेजनार्थ' बक्षीस बंद करा म्हणावं. उत्तेजनार्थ म्हंजी काय? गडी हरलाय, ह्ये टाळ्या वाजवून समद्यांना सांगायचं. गपचिप हरू द्या की मानसाला."

आणखी एक गोष्ट आम्हा सर्वांच्या मनात त्यांच्याविषयी कडवटपणा निर्माण करी. समारंभ संपला की विजेत्यांची मिरवणूक लेझीम खेळत बाजारपेठेतून निघे, आणि उस्मानभाई नेमके हरलेल्यांच्या मागे जात. तळेघरची मंडळी एका वर्षी पडदे आणि पेटी खांद्यावर घेऊन आली होती. भात-नाचणीची कामे उरकून त्यांनी नाटक बसवले होते. ती हरली. गाडी चुकली म्हणून घाटाच्या वाटेने चालत निघाली, तर उस्मानभाई बांगड्यांचे गाठोडे पाठीला मारून त्यांच्याबरोबर निघालेले दिसले. चार दिवस ते गावात नव्हते. "जखमेवर मीठ चोळायला गेला म्हातारा," आमच्या समितीत कुणीतरी म्हणाले. मी हसलो. ते हसणे मला आज ऐकवत नाही.

चोपन्नाव्या वर्षी मी परीक्षकपद सोडले आणि नाटकात उभा राहिलो. सहा वर्षे दुसऱ्यांना गुण देता देता आपल्याला त्यांच्याहून बरे जमेल, असा एक चोरटा विश्वास माणसात वाढतो. माझ्यातही वाढला होता. आमच्या मंडळीने मला आंधळ्या बापाची भूमिका दिली. शेवटच्या अंकात मी मुलाच्या मांडीवर प्राण सोडायचा. तो मी उत्तम सोडला. प्रेक्षकांत बायका डोळे पुसत होत्या, हे मला अर्धवट मिटल्या डोळ्यांनी दिसत होते. पण पडद्याची दोरी अडकली. मी मेलेला आणि पडदा पडत नाही. माझ्या कापसाच्या दाढीचा एक तंतू नाकात शिरला होता. मी शक्य तितका वेळ मृत राहिलो. मग शिंकलो.

मागून कुणीतरी ओरडले, "आरं, म्हातारा हाय आजून!"

त्यानंतर त्या पटांगणावर काय झाले ते सांगण्यासारखे नाही.

रविवारी समारंभाला न जाण्याचा विचार मी पुष्कळ केला. पण ज्या खुर्चीवरून मी इतरांना निकालाची वाट पाहत बसवून ठेवले होते, तिच्यासमोर एकदा बसणे मला चुकवता येईना. पहिले बक्षीस मंडप देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पुतण्याला गेले. "ठरलंय!" आवाज आला. दुसरे गेले. "ठरलंय!" मग अध्यक्षांनी चष्मा सारखा करून वाचले, "उत्तेजनार्थ," आणि माझे नाव घेतले.

मी उठलो. रंगमंचाच्या पायऱ्या चढत असताना कुणीतरी शिंकले. खोटे शिंकले. मग दुसरे कुणी, मग डावीकडून, मग उजवीकडून, माझेच विद्यार्थी ज्या बाजूला बसले होते तिथूनही. प्रमुख पाहुणे काही न कळून "वा, वा" म्हणत होते. मी नारळ घेतला. उतरताना माझी नजर समोरच्या घोंगडीवर गेली. उस्मानभाईंनी एक शब्दही उच्चारला नव्हता. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, बांगडी घालण्याआधी हाताचे माप पाहावे तसे.

लेझीम वाजू लागली आणि गर्दी बाजाराकडे वळली. माझ्या कोपराला हात लागला.

"चला, मास्तर. हिकडनं. बाजारातनं न्हाई जायचं आज. नदीच्या अंगाची वाट हाय."

आम्ही घरांच्या पाठीमागून, गोठ्यांच्या आणि उकिरड्यांच्या कडेने चालू लागलो. ही वाट त्यांच्या पायांखालची होती. कुठे कुत्रे आहे आणि कुठे एखादी बोलघेवडी म्हातारी ओट्यावर बसते, हे त्यांना माहीत होते. दोन्ही ठिकाणे त्यांनी चुकवली.

"गाढवं हायती समदी," ते म्हणाले.

"त्याच खुर्चीवर सहा वर्षे मी होतो, उस्मानभाई."

"तवा तुमी गाढव व्हता. त्यात काय लपवायचं?" थोडे चालून ते म्हणाले, "पर तुमच्यावानी म्हातारा ह्या तालुक्यात कुणी हुबा केला न्हाई. लई झ्याक. काळीज हललं लोकांचं. आन शिंकंचं म्हणाल, तर मेल्याला मानूस शिंकत न्हाई ह्ये कुणी बघून आलंय का?"

मी हसलो. त्या दुपारी हसू शकेन असे मला वाटले नव्हते. त्यांचे शब्द मी तहानलेल्यासारखे पीत होतो. आणि पीत असतानाच मला आठवले.

"पण तुम्ही नाटक पाहिलेच नाहीत."

"न्हाई. म्हून तर बोलता येतंय." ते थांबले. नदीच्या उताराकडे पाहत त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "तळेघरच्यांस्नी ह्येच सांगत गेलो, पार त्यांच्या उंबऱ्यापतूर. पिंपळवंडीच्यांस्नी ह्येच. पाह्यलं असतं तर माजं तोंड फितूर झालं असतं, मास्तर. मला खोटं जमत न्हाई. लतीफला इचारा."

लतीफ त्यांचा धाकटा भाऊ, एवढेच मला माहीत होते. तो मुंबईला बांगड्यांचा माल आणायला गेला आणि तिकडेच राहिला, असे गावात बोलत. पूर्वी तो एका नाटक मंडळीत गात असे.

"त्याचं गानं म्या पाह्यलं व्हतं," उस्मानभाई म्हणाले. "अगदी म्होरं बसून. बक्षीस मिळालं न्हाई. घरला येताना सारी वाट गप व्हता. ह्याच वाटंनं आलो. दारात इचारलं त्यानं, भाईजान, तुमी सांगा, कसं झालं? म्या म्हनलं, अंतऱ्याला सूर पडला."

"मग?"

"पडलाच व्हता की!" ते एकदम रागावून म्हणाले. मग आवाज खाली आला. "मग काय. मुंबईहून बांगड्यांची पेटी आली. त्यो न्हाई आला. एक काच फुटली नव्हती, बगा. एवढी जपून बांधली व्हती त्यानं."

आम्ही निघालो. माझे घर दिसू लागले होते. हातातला नारळ कुठे टाकावा ते मला समजत नव्हते. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन आपल्या काखेत मारला, घोंगडीशेजारी.

"पण मग दरवर्षी या बक्षिसांना कशासाठी येता?" मी विचारले. "ज्या गोष्टीने भाऊ गेला..."

"त्यो गानं सोडायचा न्हाई. कुणाच्या ना कुणाच्या मंडळीत आसंल. पेटीमागं, पडद्यामागं, कुठंतरी." ते हसले, पण ते हसणे कडूच होते. "आन बक्षीस बी मिळायचं न्हाई त्याला. सूर पडतोच त्याचा, आजबी पडत आसंल. मग हुडकायचा कुठं? हरलेल्यांतच की, मास्तर. जितलेल्यांची तोंडं बघून काय करू?"

पत्नी दारातच उभी होती. लेझमीचा आवाज आमच्या आळीपर्यंत आला होता, आणि तो आमच्या घराकडे वळला नव्हता, हे तिने ऐकलेच असेल. तरीही तिने विचारले, कारण दारात उभ्या असलेल्या माणसाने दुसरे काय विचारावे?

"कसं झालं?"

मी तोंड उघडले. पण माझ्या आधी उस्मानभाई एक पाऊल पुढे झाले.

"लई झ्याक, वहिनी! मास्तरांनी जीव वतला. बक्षीस तेवढं आधीच ठरलं व्हतं." आणि त्यांनी काखेतला नारळ तिच्या हातात दिला. "ह्यो घ्या. देवापुढं फोडा. बक्षिसाचा न्हाई, माज्याकडनं हाय."

ती चहा ठेवायला आत वळली. ते मात्र ओट्यावरही बसले नाहीत. घोंगडी खांद्यावर टाकून त्यांनी मान वर करून उन्हाचा अंदाज घेतला.

"च्या पुन्यांदा कवातरी. निरगुडसरची मंडळी आजून स्टँडवर आसंल. पेटीवाला नवा हाय म्हणं त्यांचा, कुणीच वळखत न्हाई त्याला."

आणि गाडी सुटण्याआधी ते, साठीला आलेले गृहस्थ, घोंगडी सावरीत, बाजाराच्या रस्त्याने जवळजवळ पळतच निघाले.